पेशीतला चुना आणि त्याची बातमी देणारे रंग



हळदीत चुन्याची निवळी मिसळली की पिवळी हळद पाहता पाहता तांबडी होते. आपल्याकडे कुंकू पिढ्यान्‌पिढ्या असेच होत आले. सदऱ्यावर आमटीचा पिवळा डाग पडला आणि त्याला साबण लागला की तो डाग लालभडक होतो, हेही घरातल्या प्रत्येक बाईने पाहिलेले आहे. हळदीतल्या रंगद्रव्याला क्षार भेटला की ते आपला रंग पालटते. म्हणजेच हळद एक बातमी देते. इथे क्षार आहे असे ती डोळ्यांना सांगते. जो रंग अशी बातमी देतो त्याला रसायनशास्त्रात 'दर्शक' म्हणतात.

हळदीची बातमी मात्र ढोबळ असते. चुना भेटला काय किंवा धुण्याचा सोडा भेटला काय, ती सारखीच लाल होते. आज ज्या दर्शकांचा इतिहास मी आपल्यापुढे मांडणार आहे ते फार चोखंदळ आहेत. चुन्यामध्ये जे कॅल्शियम नावाचे मूलद्रव्य असते तेवढेच ते ओळखतात. शेजारी दुसऱ्या क्षारांची कितीही गर्दी असली तरी फसत नाहीत. शिवाय ही ओळख ते जिवंत पेशीच्या आत, तिला न मारता, तिचे काम चालू असताना पटवितात. त्यांची बातमी प्रकाशाच्या रूपाने येते.

या विषयावर कामगार संघटनेतल्या माणसाने का बोलावे, अशी शंका आपल्या मनात येणे रास्त आहे. मी कॉलेजात गेलेलो नाही. माझे निम्मे आयुष्य सूत व कापड रंगविणाऱ्या कामगारांत गेले. पुष्कळ वर्षांपूर्वी एका रंगखान्यात कामगारांनी मला विचारले, "या पिंपातली पूड हाताला लागते, नाकात जाते; ती आहे तरी काय?" पिंपावरचा कागद इंग्रजीत होता आणि मालकाच्या माणसांकडून काही उत्तर मिळाले नाही. ते उत्तर शोधण्यासाठी मी रंगांवरची पुस्तके वाचू लागलो आणि वाचता वाचता पिंपातल्या रंगापासून पेशीतल्या रंगापर्यंत येऊन पोहोचलो. ही वाट मला वाटली होती तितकी लांब नाही. दोन्ही रंग एकाच घराण्यातले आहेत.

प्रथम 'पेशी पाहणे' म्हणजे काय ते लक्षात घेऊ. सूक्ष्मदर्शक यंत्र सुमारे चारशे वर्षांपूर्वीपासून माणसाच्या हाती आहे. परंतु पेशी बहुतेक पारदर्शक असते. तिचे अवयव दिसावेत म्हणून शास्त्रज्ञ तिला आधी औषधाने मारीत, तिचे पातळ काप करीत आणि मग ते रंगवीत. त्यामुळे रचना उत्तम कळे. काम मात्र कळत नसे. सुटीच्या दिवशी बंद गिरणीतून फेरफटका मारणाऱ्यासारखी ही स्थिती होती. यंत्रे मोजता येतात, पट्टे दिसतात, कोणता माग कुठे आहे ते कळते. पण पहिल्या पाळीचा भोंगा झाल्यावर कोण कोणाला इशारा देतो आणि कोणत्या इशाऱ्याने काय सुरू होते, हे बंद गिरणीत कसे कळणार? काम बंद न पाडता काम पाहणे, हा जीवशास्त्रापुढचा मोठा प्रश्न होता. तो ज्यांनी सोडविला त्यांचा हा इतिहास आहे.

या कथेचा पहिला धागा रंगांचा आहे. इ. स. १८४५ मध्ये इंग्लंडात जॉन हर्शेल यांच्या ध्यानात आले की, क्विनाइनचे पाणी स्वतः स्वच्छ व बिनरंगी असूनही त्यावर ऊन पडले की पृष्ठभागावर सुंदर निळी झाक उमटते. १८५२ मध्ये केंब्रिजचे जॉर्ज स्टोक्स यांनी याचा उलगडा केला. उन्हातले जे किरण आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत ते क्विनाइन गिळते आणि त्यांच्या बदली दिसणारा निळा प्रकाश बाहेर टाकते. या गुणाला मराठीत 'प्रतिदीप्ती' असे नाव आहे. एके काळी घरोघर पांढऱ्या कपड्यांना टिनोपाल देत, त्याचे मर्म हेच. कपडा अधिक स्वच्छ होत नसे. तो उन्हातले अदृश्य किरण गिळून निळसर उजेड देई आणि म्हणून अधिक पांढरा भासे.

याच क्विनाइनच्या मागे लागून १८५६ मध्ये लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने दगडी कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यांपासून ते औषध बनवायचा खटाटोप केला. क्विनाइन झाले नाही. काळपट राळ उरली आणि तिच्यातून जांभळा रंग निघाला. कृत्रिम रंगांचा उद्योग तिथून सुरू झाला. पुढे जर्मनीने त्यात आघाडी घेतली. १८७१ मध्ये बर्लिनमध्ये आडोल्फ फॉन बायर यांनी एक नवे द्रव्य तयार केले. त्याचे पाणी प्रकाशात हिरवेगार चमके. त्याचे नाव फ्लोरेसीन. हे नाव लक्षात ठेवावे, कारण आजच्या गोष्टीत ते पुन्हा येणार आहे.

फ्लोरेसीनची पहिली मोठी कामगिरी नदीत झाली. दक्षिण जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी एका ठिकाणी जमिनीत मुरून नाहीसे होते. ते आख नावाच्या झऱ्यातून वर येते की काय, असा वाद होता. १८७७ मध्ये नदीच्या त्या जागी दहा किलो फ्लोरेसीन सोडण्यात आले. सुमारे साठ तासांनी आखचा झरा हिरवा चमकू लागला आणि वाद मिटला! पाच वर्षांनी पाउल एर्लिख यांनी हाच रंग प्राण्याच्या शरीरात सोडून डोळ्यातल्या पाण्याचा प्रवाह कसा चालतो ते पाहिले. जमिनीखालची नदी आणि डोळ्यातला झरा, दोन्हींचा माग एकाच रंगाने लावला. १९६१ मध्ये अमेरिकेतील इंडियाना येथील दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी, नोव्हॉटनी आणि ॲल्विस यांनी, हा रंग शिरेत टोचून डोळ्याच्या पडद्यावरील रक्तवाहिन्यांची छायाचित्रे घेण्याची रीत प्रसिद्ध केली. मधुमेहाच्या रोग्यांचे डोळे तपासताना ती आजही वापरतात. तपासणीनंतर दिवसभर कातडी पिवळसर दिसते, ती या बायरच्या रंगामुळे.

परंतु या उद्योगाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच बायर यांनी कृत्रिम निळीचा मार्ग शोधला आणि १८९७ पासून जर्मन कारखान्याची नीळ बाजारात आली. हिंदुस्थानातील निळीचा भाव कोसळला आणि चंपारण्यातील गोऱ्या मळेवाल्यांनी आपला तोटा वाढीव खंडाच्या रूपाने कुळांच्या माथी मारला. १९१७ मध्ये गांधीजी तिथे गेले ते या कुळांच्या हाकेवरून. प्रयोगशाळेतील शोधाची किंमत समुद्रापलीकडचा शेतकरी कशी मोजतो, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

खुद्द कारखान्यातल्या कामगारांचे काय झाले? १८९५ मध्ये फ्रँकफुर्टचे शस्त्रवैद्य लुडविग रेन यांनी एक निबंध वाचला. फुक्सीन नावाचा किरमिजी रंग बनविणाऱ्या कामगारांत त्यांना मूत्राशयाच्या गाठीचे तीन रोगी सापडले होते आणि हे केवळ योगायोगाने घडलेले नाही, असे त्यांनी मांडले. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने अनिलिन कारखान्यांतील मूत्राशयाच्या कर्करोगावर स्वतंत्र अहवाल काढला. म्हणजे रेन यांच्या निबंधापासून सव्वीस वर्षे लोटली होती. ज्या ज्ञानाने आज पेशी उजळते त्या ज्ञानाचा पाया या कारखान्यांत घातला गेला आणि त्या पायात या कामगारांची शरीरेही आहेत.

आता दुसरा धागा चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा. १८८२-८३ च्या सुमारास लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचे हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचे प्रयोग करीत होते. हृदय चांगले चाले. आपले निष्कर्ष त्यांनी छापलेही. नंतर त्यांना कळले की प्रयोगाचे पाणी ऊर्ध्वपातित नव्हते. ते न्यू रिव्हर कंपनीच्या नळाचे होते! शुद्ध पाणी घेऊन पुन्हा प्रयोग केला तर हृदय थोड्याच वेळात थंडावले. नळाच्या पाण्यात जे थोडे कॅल्शियम होते तेच हृदयाला चालवीत होते. रिंगर यांनी ही गोष्ट लपविली नाही. १८८३ च्या लेखात नळकंपनीच्या नावासकट ती सांगितली आणि त्यातूनच नवा शोध जगापुढे आला. इस्पितळात रोग्याला 'रिंगर लॅक्टेट'ची बाटली लावतात, तिच्या नावातले रिंगर हेच.

मीठ पाण्यात विरघळले की त्याचे घटक विजेचा भार घेऊन सुटे होतात. अशा भारित कणांना 'आयन' म्हणतात. आपल्या रक्तात आणि पेशींच्या भोवतालच्या द्रवात कॅल्शियमचे आयन भरपूर असतात. पेशीच्या आत मात्र मोकळे कॅल्शियम बाहेरच्या मानाने सुमारे दहा हजारांश असते. बाहेर मैदानावर दहा हजारांची सभा भरली असावी आणि आतल्या खोलीत एकच माणूस बसलेला असावा, असे हे प्रमाण आहे. आत शिरलेले कॅल्शियम पेशी रात्रंदिवस पंपाने बाहेर उपसते, त्यासाठी शक्ती खर्च करते. आतली ही शांतता राखल्यामुळेच दार क्षणभर उघडून थोडे कॅल्शियम आत शिरले तरी त्याची मोठी बातमी होते. स्नायू आकसतो, ग्रंथी रस सोडते, मज्जापेशी पुढच्या पेशीला निरोप देते. शांत खोलीतच टाळीचा आवाज ऐकू येतो.

१९४७ मध्ये पेनसिल्व्हानियाचे हाइलब्रन आणि त्यांचे सहकारी विअर्चिन्स्की यांनी बेडकाच्या स्नायूच्या धाग्यात निरनिराळे आयन टोचून पाहिले. कॅल्शियमने तेवढा धागा आकसला. पुढे जपानमध्ये एबाशी यांनी स्नायूतील कोणते प्रथिन कॅल्शियमचा हा हुकूम ऐकते तेही शोधले. परंतु जिवंत स्नायू आपले आपण काम करीत असताना कॅल्शियम खरोखर वाढते काय आणि ते कामाच्या आधी वाढते की नंतर, हे कोणी डोळ्यांनी पाहिलेले नव्हते.

ते दाखविले एका समुद्रप्राण्याने. ओसामु शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ. महायुद्धाच्या अखेरीस शाळकरी मुलांना सक्तीने कारखान्यांत राबविले जात होते. त्यांत तेही होते. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर बॉम्ब पडला तेव्हा सोळा वर्षांचे शिमोमुरा काही मैलांवरच्या इसाहाया गावी होते आणि त्या झगमगाटाने त्यांचे डोळे काही काळ दिपून गेले होते. १९६१ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर फ्रायडे हार्बर येथे फ्रँक जॉन्सन यांच्याबरोबर चमकणाऱ्या जेलीमाशांचा अर्क काढीत होते. माशांची चमकणारी कड कापायची, कुस्करायची, गाळायची. पण हाती आलेला अर्क चमकत नसे. एके दिवशी त्यांनी टाकाऊ अर्क मोरीत ओतला आणि मोरी निळ्या प्रकाशाने लखकन उजळली. मोरीत मत्स्यकुंडाचे समुद्राचे पाणी वाहून येत होते आणि समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम असते. अर्कातील जे प्रथिन कॅल्शियम भेटताच प्रकाश देते त्याला 'इक्वोरिन' असे नाव मिळाले. १९६२ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. त्याच अर्कात हिरवे चमकणारे आणखी एक प्रथिन सापडले होते. त्याची त्या वेळी कोणी फारशी वास्तपुस्त केली नाही.

या प्रथिनाचा कणभर साठा मिळविण्यासाठी किती श्रम पडले? शिमोमुरा, त्यांची पत्नी, मुले आणि मदतनीस वर्षानुवर्षे उन्हाळ्यात धक्क्यावर उभे राहून जाळीने जेलीमासे पकडीत. सर्व वर्षांची बेरीज सुमारे साडेआठ लाख जेलीमासे इतकी होते. शास्त्राच्या ग्रंथात हे एका ओळीत संपते. ज्यांनी पाळीपाळीने काम केले आहे त्यांनाच त्या ओळीचे वजन कळेल.

१९६७ मध्ये रिजवे आणि ॲशली यांनी इक्वोरिन हे समुद्राच्या खडकांना चिकटून राहणाऱ्या बार्नॅकल नावाच्या जिवाच्या स्नायूत टोचले. याचा एकेक धागा नुसत्या डोळ्यांना दिसेल इतका जाड असतो. विजेचा झटका दिला तेव्हा प्रथम प्रकाश चमकला आणि मग स्नायू आकसला. आधी हुकूम, मग काम! पुढे दहा-अकरा वर्षांनी मेदाका नावाच्या जपानी माशाच्या अंड्यात हाच प्रयोग झाला. शुक्रजंतू जिथे शिरला तिथून प्रकाशाची लाट निघाली आणि सबंध अंड्यावरून पसरत गेली. नव्या जिवाच्या आरंभाचा पहिला निरोप माणसाने असा डोळ्यांनी पाहिला.

मात्र यात एक मोठी अडचण होती. प्रथिन पेशीत टोचावे लागे. बार्नॅकलचा स्नायू किंवा माशाचे अंडे यांना सुई सोसते. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशीला ती कशी सोसावी? दार फोडून आत शिरले तर आतले काम पूर्वीसारखे चालत नाही. मग पाहायचे काय?

इथे कथेचे दोन्ही धागे एकत्र येतात. रॉजर त्सिएन हे न्यूयॉर्कला जन्मलेले चिनी वंशाचे शास्त्रज्ञ. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ते केंब्रिजमध्ये शरीरक्रियाशास्त्राच्या विभागात होते. त्यांनी रंगरसायनाचे जुने कसब या कामी जुंपले. कॅल्शियमला चिमट्यासारखे धरणारे एक द्रव्य आधीपासून माहीत होते. मॅग्नेशियमची गर्दी असली तरी ते कॅल्शियमच निवडून धरी. मात्र द्रवाची आम्लता थोडी बदलली की त्याची पकड बदलत असे. त्सिएन यांनी त्या चिमट्यात बेंझीनची कडी बसवून तो दोष काढला. हे १९८० साली. मग चिमट्याला त्यांनी प्रतिदीप्त रंगाचा भाग जोडला. चिमट्यात कॅल्शियम आले की रंगाची चमक वाढते. या पहिल्या उपयुक्त रंगाचे नाव 'क्विन-२'. क्विनाइनच्या रेणूत जे क्विनोलिनचे कडे असते तसेच कडे यात आहे. म्हणजे हर्शेल यांना क्विनाइनच्या पाण्यात दिसलेली निळी झाक घराण्याच्या खुणेसारखी इथवर चालत आली.

आता तो सुईवाचून आत कसा न्यायचा? चिमट्याच्या टोकांवर ऋण भार असतात आणि पेशीचे तेलकट आवरण भार असलेल्याला आत घेत नाही. त्सिएन यांनी १९८१ मध्ये जी युक्ती प्रसिद्ध केली ती कामगार संघटनेतल्या माणसाला चटकन पटण्यासारखी आहे. ज्याला गेटावर ओळखतात आणि अडवतात त्याला वेष पालटून आत जावे लागते. त्यांनी चिमट्याच्या टोकांना रासायनिक बुरखे चढविले. बुरखा असलेला रंग तेलकट आवरणातून बिनबोभाट आत जातो. आत पेशीच्या स्वतःच्या कात्र्या, म्हणजे काही विकरे, तयारच असतात. त्या बुरखे कापून टाकतात. उघडा पडलेला रंग आता पुन्हा भारित झाला, बाहेर पडू शकत नाही आणि आत राहून बातमी देऊ लागतो. दार फोडावे लागले नाही, काम थांबले नाही. १९८२ मध्ये त्सिएन, इटलीचे पोझान आणि केंब्रिजचे रिंक या तिघांनी पांढऱ्या पेशींतील कॅल्शियम या रीतीने मोजले.

क्विन-२ चा उजेड मंद होता आणि त्यात आणखी एक खोट होती. पेशी जाड असली किंवा तिच्यात रंग अधिक शिरला तर कॅल्शियम न वाढताही उजेड अधिक दिसे. १९८५ मध्ये ग्रिन्क्येविच, पोनी आणि त्सिएन यांनी 'फुरा-२' हा रंग दिला आणि ही खोट दूर झाली. फुरा-२ वर दोन निरनिराळे अदृश्य किरण पाळीपाळीने टाकतात. कॅल्शियम वाढले की एका किरणाने मिळणारा उजेड वाढतो, तर दुसऱ्याने मिळणारा घटतो. दोहोंचे गुणोत्तर घेतले की पेशीची जाडी आणि रंगाचे प्रमाण आपोआप वजा होऊन शुद्ध कॅल्शियमचा आकडा उरतो. आम्ही पगाराच्या बोलणीला बसतो तेव्हा हेच सांगत असतो. नुसता पगाराचा आकडा पाहून कामगाराची स्थिती कळत नाही. महागाईच्या निर्देशांकाने त्याला भागले म्हणजे खरी मजुरी कळते. विज्ञानातही एकटा आकडा फसवतो; गुणोत्तर खरे बोलते.

यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत या रंगांचा प्रसार झाला. सोडियम, पोटॅशियम, आम्लता यांचेही दर्शक निघाले. १९८९ मध्ये मिंटा, काओ आणि त्सिएन यांनी 'फ्लुओ-३' दिला. त्याची चमकणारी बाजू आपल्या जुन्या फ्लोरेसीनच्या घराण्यातली. डॅन्यूबचा झरा हिरवा करणाऱ्या रंगाचा हा वंशज. १९९३ मध्ये चेंग, लेडरर आणि कॅनेल यांनी तो उंदराच्या हृदयाच्या पेशीत घालून पाहिले तेव्हा इकडे तिकडे क्षणभर उठून विझणाऱ्या बारीक ठिणग्या दिसल्या. प्रत्येक ठिणगी म्हणजे पेशीतल्या कोठारातून निसटलेले चिमूटभर कॅल्शियम. हृदयाचा प्रत्येक ठोका अशा असंख्य ठिणग्यांच्या एकजुटीने होतो. रिंगर यांनी नळाच्या पाण्यात जे ओळखले ते एकशेदहा वर्षांनी असे प्रत्यक्ष दिसले.

हे रंग निर्दोष आहेत असे मात्र नाही. कॅल्शियमला धरणारा चिमटा स्वतःच थोडे कॅल्शियम अडवून ठेवतो. रंग जास्त घातला तर जे पाहायचे तेच दबून जाते. प्रखर उजेडाने रंग विटतो आणि पेशीलाही इजा होते. पाहणाऱ्याची उपस्थिती कामावर परिणाम करते, हा अनुभव कारखान्यातील पाहणी अधिकाऱ्यांप्रमाणेच शास्त्रज्ञांनाही येतो. म्हणून चांगला शास्त्रज्ञ रंग कमी घालतो, उजेड बेताचा ठेवतो आणि मिळालेला आकडा पुन्हा तपासून पाहतो.

आता मागे ठेवलेल्या त्या हिरव्या प्रथिनाकडे वळू. अमेरिकेतील वुड्स होल येथे डग्लस प्रेशर नावाच्या शास्त्रज्ञाने त्या प्रथिनाचे जनुक वेगळे काढले व १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केले. जनुक हाती असले की प्रथिन टोचावे लागत नाही. पेशी ते स्वतःच बनवू शकते. परंतु पुढील कामासाठी त्यांना पैसा मिळाला नाही. संशोधनातील आपली जागा सोडण्यापूर्वी त्यांनी ते जनुक मागणाऱ्यांना देऊन टाकले. मागणाऱ्यांत मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन होते. १९९४ मध्ये चाल्फी यांनी जंतूंच्या आणि कृमींच्या पेशींत ते हिरवे तेज चमकवून दाखविले. १९९७ मध्ये मियावाकी, त्सिएन प्रभृतींनी अशाच प्रथिनांपासून कॅल्शियमचा दर्शक घडविला आणि २००१ मध्ये जपानचे नाकाई, ओकुरा व इमोतो यांनी 'जीकॅम्प' नावाचा दर्शक दिला. त्याच्या सुधारलेल्या पिढ्या आज मेंदूच्या अभ्यासात सर्रास वापरतात. २०१३ मध्ये झेब्राफिश माशाच्या पारदर्शक पिल्लाच्या मेंदूतील सुमारे एक लाख मज्जापेशींपैकी बहुतेकांचे काम एकाच वेळी पाहता आले. बंद गिरणीतून फिरण्यापासून सुरू झालेला प्रवास सगळी खाती एकदम चालू असताना पाहण्यापर्यंत आला.

२००८ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्या हिरव्या प्रथिनासाठी शिमोमुरा, चाल्फी आणि त्सिएन यांना मिळाले. हे पारितोषिक तिघांहून अधिकांत वाटता येत नाही. त्या दिवसांत प्रेशर अलाबामातील हन्ट्सव्हिल गावी एका मोटारविक्रीच्या दुकानाची, गिऱ्हाइकांची ने-आण करणारी गाडी चालवीत होते. मोटार चालविणे हे कमीपणाचे काम नव्हे, हे मी सांगायला नको. ज्या माणसाच्या हाती ते कसब होते त्याला त्या कसबाचे काम मिळू नये, हे कमीपणाचे आहे आणि तो कमीपणा त्याचा नव्हे. चाल्फी आणि त्सिएन यांचे मोठेपण असे की, त्यांनी आपल्या खर्चाने प्रेशर दांपत्याला स्टॉकहोमच्या समारंभाला नेले. पुढे २०१२ पासून काही वर्षे प्रेशर यांनी त्सिएन यांच्या प्रयोगशाळेत कामही केले. त्सिएन २०१६ मध्ये वारले; शिमोमुरा २०१८ मध्ये.

श्रोतेहो, या इतिहासाचे तात्पर्य मला असे दिसते. बुद्धिमान माणसे नव्हतीच, सगळे श्रमिकांनीच केले, असे म्हणणे खोटे ठरेल. बुरख्याची युक्ती एका विलक्षण डोक्यातून निघाली आणि त्या डोक्याला नमस्कारच केला पाहिजे. पण ती युक्ती ज्या रंगविद्येवर उभी राहिली ती विद्या कारखान्यांत वाढली. तिथल्या कामगारांनी तिची किंमत आपल्या आरोग्याने मोजली आणि कुळांनी आपल्या शेतीने. ज्या प्रथिनाने पेशी स्वतः दिवा लावू लागली ते धक्क्यावर जाळी घेऊन उभ्या राहिलेल्या कुटुंबाने गोळा केले आणि त्याचे जनुक एका बेकार होऊ घातलेल्या माणसाने देऊन टाकले. पारितोषिकाला तीनच जागा असतात, म्हणून इतिहासालाही तीनच जागा असाव्यात असे नाही. गिरणीत हजेरीपट असतो. त्यावर नाव नसलेल्याला पगार मिळत नाही, म्हणून आम्ही तो दर महिन्याला डोळ्यांत तेल घालून तपासतो. ज्ञानाचाही हजेरीपट असाच तपासला पाहिजे.

दुसरी गोष्ट कर्तव्याची. पेशीच्या आत दहा हजारांश कॅल्शियम मोजू शकणारे ज्ञान आज जगात आहे. मग रंगाच्या पिंपात काय आहे आणि ते हाताळणाऱ्याच्या शरीरात काय करते, हे त्या हाताळणाऱ्याला त्याच्या भाषेत सांगता येऊ नये, हे मला कधीच पटणार नाही. रेन यांच्या निबंधानंतर अहवाल निघायला सव्वीस वर्षे लागली. आपल्या गावच्या रंगखान्यांत इतका उशीर होऊ नये, यासाठी आपल्यातील डॉक्टरांनी, रसायनाच्या शिक्षकांनी आणि कारखानदारांनीही पिंपावरचा कागद मराठीत आणण्याच्या कामी हातभार लावावा, अशी माझी विनंती आहे.